पूजेला बसलेला भाता

माझ्या साडूबद्दल माझ्या मनात काहीही वाईट नाही. तो समोर बसून जेवायला लागला की फक्त मला घास गिळवत नाही.

साडूचं नाव नामदेव. माझी बायको सखू ही थोरली आणि त्याची बायको ठकू ही धाकटी, तेव्हा नात्याने थोरला जावई मी. थोरल्या जावयाचा सासुरवाडीत पहिला मान असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आमचं गाडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. माझे सासरे हे माझे सख्खे मामा. म्हणजे मी मामाची मुलगी केलेली. त्यामुळे त्या घराने मला नागडा अंगणात धावताना पाहिलेलं, शेणात पडताना पाहिलेलं, आणि एकदा तर बोरं चोरल्याबद्दल मामींनी मला लाटण्याने हाणलेलंही. अशा जावयाचा मान कोण ठेवणार? मी गेलो की मामी चुलीपुढून न उठता म्हणायच्या, "आलास? बस तिथं." आणि नामदेव आला की पायावर पाणी, हातावर गुळाचा खडा आणि वर, "नामदेवराव, दमला असाल." दमला असाल म्हणे! कर्जतेहून खालापूरपर्यंत तो बैलगाडीत बसून यायचा. दमायचं असलं तर बैलांनी दमावं. मी मात्र चालत जायचो आणि मला कधी कुणी दमू दिलं नाही.

तसे आम्ही दोघेही लोहारच. पण मी गावचा लोहार आणि तो आगगाडीचा. घाट चढायला गाडीला मागून आणखी एक इंजिन लावतात ना, त्या इंजिनांची शेड कर्जतेला आहे. तिथल्या लोहारशाळेत नामदेव कामाला होता. त्याला काळा कोट होता आणि त्या कोटाला पितळेची सात बटणं होती. (मी मोजली होती. एकदा नाही, प्रत्येक वेळी. एखादं तरी तुटलं असेल अशी आशा असायची.) बोलायचा हळू, हसायचा कमी, आणि माझ्याशी इतका आदराने वागायचा की अंगाची आग व्हायची. "केरूदादा, तुमी बसा, मी करतो." अरे, पण मला करू दे की काहीतरी!

आता मुख्य दुखणं सांगतो. मामांना मुलगा नव्हता. खालापूरपासून कोसभर असलेल्या त्या गावची सगळी लोहारकी मामांकडे होती. नांगर, विळे, कोयते, गाडीच्या चाकांना बसवायच्या लोखंडी धावा, सगळं त्यांच्याच हातचं. मामांचे खांदे आता धरले होते. त्यांची ऐरण कुणाच्या तरी हाती जाणार होती, आणि त्या ऐरणीमागोमाग ते सगळं गाव. माझ्या बापाची ऐरण माझ्या थोरल्या भावाकडे गेली होती आणि मी वयाची तिशी उलटली तरी त्याच्या हाताखाली घण मारत होतो. लोहाराला स्वतःची ऐरण नसणं म्हणजे बाईला स्वतःची चूल नसणं. दुसऱ्याच्या चुलीवर कितीही चांगलं रांधा, वाढताना नाव तिचंच. त्या वर्षी मामांनी निरोप धाडला, "दसऱ्याला दोघं जावई या. ऐरणीचं काय करायचं ते सांगतो." तो निरोप आल्यापासून मला झोपेतसुद्धा सात बटणं दिसायला लागली.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आणि सखू सकाळीच निघालो. मुद्दाम लवकर, नामदेवाच्या आधी पोचायचं म्हणून. पोचलो तर नामदेव ओटीवर बसून पोहे खात होता.

"या केरूदादा," तो उठून म्हणाला. "दमला असाल."

मामांसाठी मी माझ्या परसातला दुधी आणला होता. चांगला हातभर लांब, कोवळा लुसलुशीत. तो मी मोठ्या थाटात ओटीवर ठेवला आणि मग माझं लक्ष गेलं. नामदेवाने मामांसाठी एक यंत्र आणलं होतं.

लोखंडाचा गोल डबा, त्याच्या आत पाती, बाहेरून दात्यांची चाकं आणि एक दांडा. दांडा फिरवला की आतली पाती गरगर फिरणार आणि पुढच्या नळीतून वारा सुटणार. शेडमध्ये हे जुनं झालं म्हणून साहेबाने भंगारात टाकलं, तर नामदेवाने ते मागून घेतलं, रोज काम सुटल्यावर बसून दुरुस्त केलं, आणि सासऱ्याला आणलं. शिवाय सोबत एक गोण दगडी कोळसा, तोही साहेबाला विचारून घेतलेला. मी दुधीकडे पाहिलं. दुधी अचानक फार लहान दिसायला लागला.

"मामा, तुमचं खांदं दुखत्यात," नामदेव म्हणाला. "भाता वढून वढूनच त्यांची ही गत झालीया. ह्यो पंखा येका हातानं फिरतो. पन ह्याच्या चार गोष्टी पाळायच्या. नळीचं तोंड मानसाकडं धरायचं नाय. चाक फिरतंय तवर पंचा, पदर लांब ठेवायचा. वारं चालू असताना भट्टीवर वाकून बघायचं नाय. आन वारं थांबलं की नळी भट्टीतनं मागं वढायची, आत ठेवायची नाय. शेडात ह्ये आमाला रोज म्हनून दावावं लागतं."

चार गोष्टी त्याने चार बोटांवर मोजून दाखवल्या. मामा मान डोलवत होते. मामी कौतुकाने बघत होत्या. मला राहवेना.

"वाऱ्याला कसले रं नेम?" मी म्हणालो. "वारा काय चावतो? आमच्या सात पिढ्या भाता वढत्यात, कुनाच्या अंगावर वारा धावून आला नाय."

"भाता येगळा, दादा. हितं वारं लई जोरात सुटतं."

"बघू तरी सुटतं का," असं म्हणून मी खाली वाकलो आणि नळीत डोळा घातला.

माझी चूक एवढीच झाली की दांड्यापाशी सखू उभी होती. तिला त्या दांड्याची मघापासून भुरळ पडली होती. तिने तो गर्रकन फिरवला. कर्जतेपासून खालापूरपर्यंत गाडीत त्या नळीत जेवढा भुसा, गंज आणि राख साठली होती तेवढी सगळी माझ्या तोंडावर आली. डोळे, नाक, मिशा, कान, कुठलाही भाग वंचित राहिला नाही. मी शिंकायला लागलो तो थांबेचना. मामी पदरात तोंड घालून हसत होत्या. ठकू तर सरळ आत पळाली. एकटा नामदेव हसला नाही. त्याने तांब्याभर पाणी आणलं, माझं डोकं धरलं आणि म्हणाला, "डोळं चोळू नका, केरूदादा. नुसतं पानी मारा."

तो हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं. माणसाने दुसऱ्याचं एवढंही सुख हिरावून घेऊ नये.

तोंड धुऊन मी परत आलो आणि दांड्याचा ताबा घेतला. आता याच यंत्राने वारा कसा काढायचा ते याच्या देखत दाखवायचं, असं ठरवलं. दांडा हलका होता हो! फिरवायला लागलो तसा हात आपोआप धावायला लागला. मामा म्हणाले, "बरं जमतंय की." ते ऐकून मी आणखी जोर केला, आणि त्या जोरात माझ्या गळ्यातल्या पंच्याचं टोक दात्यांच्या चाकात गेलं. पंचा आत, मागोमाग मान खाली. क्षणभरात माझं नाक त्या लोखंडी डब्याला टेकलं आणि मी तसाच वाकलेला राहिलो. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, जावई साडूच्या यंत्राला दंडवत घालतोय.

"चाक उलटं फिरवा," नामदेव शांतपणे म्हणाला आणि स्वतःच ते उलटं फिरवून त्याने मला सोडवलं. पंच्याला दात्यांची नक्षी उमटली होती.

मामांनी ती नक्षी बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "केरू, तू आपला आत जाऊन दुधी चिरून दे जा."

मी दुधी चिरला. इतक्या रागाने आजवर कुणी दुधी चिरला नसेल. फोडी इतक्या बारीक झाल्या की मामी म्हणाल्या, आता ह्याची भाजी नाय, खीरच करावी लागंल. संध्याकाळी खीर झाली आणि तिची पहिली वाटी नामदेवाला गेली. माझ्या दुधीची.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. लोहाराच्या घरी हा मोठा सण. घण, हातोडे, सांडशी, सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी एकालाही कामाला लावायचं नाही. नामदेवाचा पंखा पूजेत मध्यभागी बसणार या धास्तीने मला सकाळपासून काही सुचत नव्हतं. पण मामा म्हणाले, "पूजेला पंखा बाजूला ऱ्हाऊंद्या. मधी भाता. त्याचं कातडं माझ्या बापानं घातलंया." माझ्या जिवात जीव आला. शिवाय त्या घरची एक रीत होती. नवमीला भाता सजवून त्याची नळी भट्टीत जशी आहे तशी ठेवायची, त्याच्या हवेच्या तोंडावर लाल फडकं बांधायचं, भट्टीतला विस्तू राखेखाली झाकून जिवंत ठेवायचा, आणि दसऱ्याला सकाळी गावासमोर ते फडकं सोडून पहिला झटका मारायचा. नवमीपासून त्या झटक्यापर्यंत भात्याला कुणी हात लावायचा नाही. विस्तू विझला तर वर्षभर लोखंड रुसतं म्हणे. आणि तो पहिला झटका मारायचा मान थोरल्या जावयाचा. माझा. मामींनाही त्यात काही फिरवाफिरव करता येत नव्हती.

भाता मी सजवला. झेंडूच्या माळा, हळदीची बोटं, वरच्या फळीवर पानसुपारी आणि मानाचा नारळ. सजवता सजवता माझ्या डोक्यात एक विचार आला. असे विचार मला नामदेव जवळपास असला की येतात. भातकापणी तोंडावर आली होती. सगळा गाव उद्या विळे घेऊन येणार होता. पहिला झटका मारून मी तिथल्या तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक नवा विळा घडवला तर? मामा बघत राहिले पाहिजेत. पण त्यासाठी भट्टी कडक पेटलेली हवी, आणि मामांच्या लाकडी कोळशाला तापायला वेळ लागायचा. नामदेवाची दगडी कोळशाची गोण कोपऱ्यात उभी होती. मी इकडे तिकडे पाहिलं. सगळे जेवायला बसले होते. मी दोन घमेली दगडी कोळसा भट्टीत ओतला आणि वरून राख दाबली. कोळसा त्याचा, नाव माझं. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

तासाभराने नामदेव हात धुऊन आला आणि दारातच थबकला. नाकपुड्या फुगवून त्याने वास घेतला. राखेतून पिवळट धूर निघत होता.

"केरूदादा, दगडी कोळसा घातला व्हय?"

"घातला. का? तुझ्या एकट्याचा हाय का?"

"तसं नाय. पन मग भाता मागं वढा. झाकल्याल्या इस्तवात ह्या कोळशाची वाफ निघती. ती नळीतनं उलटी भात्यात जाऊन बसती. उद्याच्याला पयला झटका माराल आन भडका व्हईल. शेडात झालंय असं. एका मानसाची दाढी गेली."

खरं सांगतो, मला ते पटलं. लोहाराचा मुलगा आहे मी, धूर कळतो मला. पण पटलं हे दाखवायचं कुणाला? सात बटणांना?

"पूजा बसलीया," मी मोठ्याने म्हणालो, म्हणजे आत मामींना ऐकू जाईल असं. "बसल्याला देव कुनी हलवतं का? तुमच्या शेडात देव नसंल नामदेवराव, आमच्या भात्यात हाय."

मामी बाहेर आल्या. भात्याकडे पाहिलं, माळांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "खरं हाय केरूचं. पूजा मोडायची नाय."

खरं हाय केरूचं! लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत त्या बाईच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा निघालं. माझे कान तृप्त झाले. आता भाता काय, घराला आग लागली असती तरी मी माघार घेतली नसती.

"निदान तोंडाचं फडकं तरी सैल करा," नामदेव अजिजीने म्हणाला. "आत हवा खेळंल, वाफ निघून जाईल. मामा, तुमी तरी सांगा."

मामींमागून बाहेर आलेल्या मामांनी डोकं खाजवलं. त्यांच्या भट्टीत दगडी कोळसा कधी आलाच नव्हता, ते काय सांगणार? "ऱ्हाऊंद्या," म्हणाले. "एक दिसाचा तर सवाल हाय."

मी भात्यापाशी गेलो आणि फडक्याला आणखी दोन गाठी मारल्या. नामदेवाकडे बघत बघत मारल्या.

दसऱ्याला सकाळी सगळा गाव लोहारशाळेपुढे जमला. म्हातारे पाटील आले, त्यांना पुढे पाट मांडला. बायाबापड्या विळे घेऊन उभ्या. मामांनी पूजा केली, आरती झाली, आणि ते म्हणाले, "केरू, सोड फडकं. मार झटका."

मी पुढे झालो. छाती काढून. एवढ्यात मागून आवाज आला, "चार पावलं मागं व्हा. सगळी मागं व्हा. पोरांना धरा." नामदेव! आणि तो सगळा गाव, पाटलांसकट, मुकाट चार पावलं मागे सरला. पाटलांनी तर पाटही उचलून नेला. माझा मान, माझा झटका, आणि सगळे बघतायत त्याच्याकडे. माझ्या पोटात असं काही पेटलं की भट्टीची गरजच नव्हती.

सखू तेवढी हलली नाही. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "अवो, ऐका की त्येचं. नळी तेवढी मागं घ्या आन मग मारा."

"तू त्याच्या बाजूची का माझ्या?"

"मी तुमच्या भुवयांच्या बाजूची," ती म्हणाली. पण तिलाही नामदेवाने हात धरून मागे ओढलं.

मी गाठी सोडायला लागलो. कालच्या त्या जादा दोन गाठी सुटता सुटेनात. एक तर दातांनी सोडवावी लागली. गावातलं कुणीतरी खाकरलं. शेवटी फडकं निघालं. मी दोन्ही हातांनी भात्याची दांडी धरली, वरची फळी उचलली, भात्याने भरपूर हवा पोटात घेतली, मी एकदा नामदेवाकडे बघितलं, म्हणजे त्याने नीट बघावं म्हणून, आणि सगळ्या अंगाचा भार देऊन फळी खाली दाबली.

आधी नुसता 'फुस्स' असा आवाज आला. मला हसूच आलं. म्हटलं, झाला का तुझा भडका?

मग धडाम!

पुढचं मला तुकड्या तुकड्यांनी आठवतं. भट्टीतली सगळी राख एकदम वर उठली. भात्याचं पोट टराटरा फाटलं. झेंडूची फुलं छपराला लागून खाली पडायला लागली, लग्नात अक्षता पडाव्यात तशी. मागून कुणीतरी माझा काष्टा धरून मला खसकन खेचलं आणि मी उताणा पडलो तो लाल लोखंड विझवायच्या दगडी डोणीत, पाण्यात. मानाचा नारळ छपरापर्यंत उडाला, तिथून एका वाशावर आपटला, आणि खाली येऊन बरोबर नामदेवाच्या पायाशी दोन शकलं झाला.

राख खाली बसली. मग म्हातारे पाटील पाटावरून म्हणाले, "केरू, मुहूर्त झाला का अजून हाय?"

मी डोणीतून तोंड वर काढलं. एकजात सगळ्या बायांनी तोंडावर पदर घेतले. माझ्या दोन्ही भुवया गेल्या होत्या आणि मिशी उजव्या बाजूलाच उरली होती. काष्टा धरून मला खेचणारा नामदेव होता. त्याच्या कोटाची बाही जळाली होती आणि मनगटावर पोळलं होतं. मामी धावत आल्या कोरफडीचं पान घेऊन, आणि मला ओलांडून त्याच्याकडे गेल्या. "अगं बाई, नामदेवराव, लई भाजलं का?" पाटलांनी नारळाची शकलं उचलून त्याच्या हातात दिली. "देवानंच दावलं, मान कुनाचा ते." पोळलो मी, फुंकर त्याला. वर नारळही त्यालाच. मी तिथे पाण्यात बसून हे सगळं पाहत होतो, आणि लोकहो, भाजल्याची आग मला तोवर जाणवलीच नव्हती. दुसरीच आग मोठी होती.

मग माझी नजर मामांकडे गेली. ते भात्यापाशी उकिडवे बसले होते. फाटलेलं कातडं त्यांनी हातात घेतलं होतं आणि त्याच्या कडा एकमेकींना लावून बघत होते, जुळतात का म्हणून. त्यांच्या बापाच्या हातचं कातडं होतं ते. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली. मी डोणीतून उठलो, मामांच्या पायावर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडलो. गावाला वाटलं, भुवयांसाठी रडतोय.

"मामा, ऐरण नामदेवला द्या," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव मी चांगल्या मनाने घेतलं. "माझी लायकी नाय."

मामांनी कातडं खाली ठेवलं. "त्याला कशी देऊ? त्यानं मागल्या दसऱ्यालाच सांगितलंया, मला नको म्हनून."

मी नामदेवाकडे पाहिलं.

"व्हय दादा," तो मनगटावर कोरफड चोळत म्हणाला. "मी शेड सोडायचो नाय. ऐरण तुमचीच हाय, ह्ये मी कवाच मामांना बोललो. म्हनून तर ह्यो पंखा आनला. तुमाला हितं कामाला येईल म्हनून."

"आन मी," मामा म्हणाले, "आज तुझा पयला झटका झाला की तुझ्या हाती हातोडा देनार हुतो. समद्या गावासमोर." त्यांनी फाटक्या कातड्याकडे पाहिलं. "तेवढ्यात तुझा झटका झाला."

सखूने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी इथे लिहीत नाही. वर्षभर ज्या ऐरणीसाठी माझं अन्न गोड लागलं नव्हतं, ती पहिल्यापासून माझीच होती. मी नुसता दुधी घेऊन येऊन गप्प बसलो असतो तरी मिळाली असती. भुवयांसकट मिळाली असती.

तर आता त्या गावचा लोहार मी. नामदेवाचाच पंखा वापरतो, आणि त्याचे नेम इमानाने पाळतो. नळीचं तोंड माणसाकडे नाही, पंचा कमरेला आवळून, भट्टीवर वाकायचं नाही, आणि वारा थांबला की नळी मागे. गावातले लोक विळे घेऊन येतात आणि "केरूशेठ" म्हणतात. मामी अजून "आलास? बस" म्हणतात, पण जेवायला आधी वाढतात. भुवया परत आल्या. डावी जरा विरळ आहे. सुखात आहे म्हणायला हरकत नाही.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. नामदेवाला ती ऐरण फुकट मिळत होती आणि तो नको म्हणाला. असला शहाणा माणूस चांगली वस्तू उगाच सोडून देईल? बारा वर्षं झाली, आठवड्यातून एकदा मी ती ऐरण एकटाच जमिनीवर उलथी पाडतो आणि सगळीकडून ठोकून बघतो. कुठेतरी चीर असणारच, नाहीतर त्याने ती मला घेऊ दिली नसती.